वेताळाची अंगठी म्हणजे बॅटरी नव्हे!

बाळीवेसकर (मंगळवार, रात्री 10.40)

परवाच्या रविवारी भर दुपारी, म्हणजे सोलापुरात शहाण्या माणसानं दाराबाहेर पाऊल टाकू नये अशा वेळी, पोरानं टीव्हीवर 'द फँटम' लावून दिला आणि म्हणाला, "बाबा, तुमचा वेताळ."

हा 1996 चा सिनेमा मी आधी एकदाच पाहिला होता, भाड्याच्या व्हीसीडीवर. दुसरी चकती दर पाच मिनिटांनी अडकायची. तेव्हा डोकं फिरलं ते चकतीमुळे, अशी माझी इतकी वर्षं समजूत होती. या वेळी चित्र आरशासारखं स्वच्छ होतं आणि डोकं तरीही फिरलं. म्हणून हा धागा. लांबण लागणार आहे, चहा घेऊन बसा.

नव्या पोरांसाठी आधी थोडं. टाइम्स ऑफ इंडियावाल्यांचं इंद्रजाल कॉमिक्स मार्च 1964 मध्ये सुरू झालं आणि 1990 ला बंद पडलं. अमेरिकन लेखक ली फॉकचा फँटम त्यात मराठीत 'वेताळ' होऊन आला. फँटम हे त्याचं मूळ नाव आहे हे आमच्या बाळीवेशीतल्या पोरांना कळायला कॉलेज उजाडलं. वेताळ म्हटलं की आम्हाला शेंदूर फासलेला दगड आठवायचा आणि त्याच नावाचा एक जांभळ्या कपड्यातला माणूस पांढऱ्या घोड्यावरून जंगलात हिंडतो, यात काही खटकायचं नाही. वेताळ आहे म्हटल्यावर हिंडणारच की.

मधल्या मारुतीच्या अलीकडं एका बोळात एक म्हातारबाबा सुतळीवर अंक टांगून बसायचे. पंचवीस पैशात तिथंच पायरीवर बसून वाचायचा, पन्नास पैशात घरी न्यायचा, आणि घरी नेला की भाजीच्या पिशवीत लपवायचा. प्रत्येक अंकाला त्यांनी पोत्याच्या सुईनं टाके घातलेले असायचे, त्यामुळं पानाच्या घडीतलं शेवटचं अक्षर कधी वाचता आलं नाही. मी कित्येक वाक्यं अंदाजानं पुरी केली आहेत. वडील गिरणीत होते. महिन्यातून एखादा अंक ते स्टेशनवरच्या स्टॉलवरून विकत आणायचे. तो अंक घरचा, त्याला टाके नाहीत. त्याचा थाट वेगळा.

आता मुद्दा. वेताळ म्हणजे काय? 1536 साली चाच्यांच्या हल्ल्यातून वाचून किनाऱ्याला लागलेला एक माणूस. बापाच्या मारेकऱ्याच्या कवटीवर हात ठेवून तो शपथ घेतो, आणि मग बापामागून मुलगा, मुलामागून नातू, असे एकवीस जण तेच कपडे घालतात. जगाला वाटतं हा एकच माणूस आहे, चारशे वर्षं मेलेलाच नाही. खरं काय ते कुणाला ठाऊक? त्या जंगलातल्या बुटक्या भांडार लोकांना, त्यांच्या म्होरक्या गुरानला, वेताळाच्या डायनाला आणि पायरीवर बसलेल्या आम्हाला. सगळी गंमत त्या गुपितात होती. वेताळ मरत नाही असं जगाला वाटतं आणि तो मरतो हे आपल्याला माहीत असतं. त्याला गोळी लागते, ताप येतो, तो जखमी होऊन गुहेत पडून राहतो. जादू अजिबात नाही. जादू करायला दुसरा होता, मँड्रेक. त्याचे अंक वेगळे.

आणि त्याच्याकडं दोन अंगठ्या. डाव्या हातातली शुभचिन्हाची, ज्याला ती खूण मिळाली त्याला कुणी हात लावायचा नाही. उजव्या हातातली कवटीची. ठोसा बसला की जबड्यावर कवटीचा ठसा, जन्मभर न पुसणारा. पुढच्या चौकटीत तो गुंड हॉटेलात आरशासमोर गाल चोळताना दिसायचा, आणि ते चोळणं बघायला मी पंचवीस पैसे द्यायचो.

चौथीत असताना आम्ही खोडरबरावर ब्लेडनं कवटी कोरली. शाई पुरेना म्हणून आईच्या कपड्यांच्या निळीत बुडवून वर्गातल्या अकरा जणांच्या गालावर ठसे मारले. कवटी कमी आणि वांगं जास्त दिसत होतं. बाईंनी माझ्या हातावर जे ठसे उमटवले ते मात्र साफ होते.

तर त्या अंगठीचं सिनेमात काय झालं, ऐका. न्यूयॉर्कचा एक धनदांडगा, झँडर ड्रॅक्स, तीन जादूच्या कवट्या शोधतोय. एक सोन्याची, एक चांदीची, एक हिरव्या जेड दगडाची. तिन्ही एकत्र आल्या की त्यातून किरण निघतो आणि समोरचं भस्म होतं. शेवटी तो किरण वेताळावर सोडतो. आणि वेताळ काय करतो? अंगठी पुढं धरतो! कारण चौथी कवटी म्हणे ती अंगठीच! अंगठीतूनही किरण निघतो, किरणाला किरण भिडतो, ड्रॅक्सचा निकाल लागतो.

अहो, ती अंगठी आहे की बॅटरी?

ठोशाची अंगठी होती ती. तिच्यामागं माणसाचा हात लागायचा, दंड लागायचा, हिंमत लागायची. सिनेमात नुसती धरली की काम झालं. म्हणजे उद्या तीच अंगठी मी घातली तर मीही वेताळ. मग एकवीस पिढ्यांनी कशाला घाम गाळला?

त्यात वडिलांचं भूत. विसावा वेताळ, म्हणजे याचा मेलेला बाप, अधूनमधून येऊन पोराशी गप्पा मारतो. काम पॅट्रिक मॅकगूहाननं केलंय, नट मोठा आहे, त्याच्याबद्दल तक्रार नाही. पण जो भूत नाही आणि ज्याला जग भूत समजतं, त्याच्या गोष्टीत तुम्ही खरंच भूत आणून बसवलंत. फुगा फोडायला दुसऱ्या कुणाची गरजच नाही.

चेहरा! वेताळाचा उघडा चेहरा जो पाहील तो भयंकर मरणानं मरेल. शहरात गेला तरी चौकटीचा ओव्हरकोट, टोपी, काळा चष्मा. इथं हा न्यूयॉर्कात सूट घालून राजरोस उघड्या तोंडानं फिरतोय, देखणा चेहरा दाखवत. सगळं थिएटर भयंकर मरणानं मरायला हवं होतं.

पट्ट्यापट्ट्यांची चड्डी नाही. हसा, पण नाही. त्याऐवजी अंगभर कसलीशी नक्षी.

आणि डोळे. हे मला सगळ्यात लागलं. मुखवट्यात वेताळाला बुबुळं नसतात. दोन पांढऱ्या फटी, बस्स. त्या फटींमुळंच तो कुणाकडं बघतोय ते कळायचं नाही, आपल्याकडं तर नाही ना असं वाटायचं. सिनेमात वेताळ झालेल्या बिली झेनचे दोन चांगले घारे-बिरे डोळे लुकलुक करतायत. वेताळाला बुबुळं काढणाऱ्या माणसानं वेताळ वाचलेलाच नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

घोडा चांगला होता. एवढंच.

---

होटगीरोड (मंगळवार, रात्री 11.05)

काय बे बाळ्या, एवढं दहावीच्या पेपरात लिहिला असतास तर कलेक्टर झाला असतास की.

त्या अकरा गालांतला एक गाल माझा. निळीचा डाग दोन दिवस गेला नाही. आमची आजी म्हणाली, पोराला काविळीचं उलटं झालंय.

जुनी सोलापुरी म्हण: वैशाखात दुपारी दोनला सात रस्त्यावर जो उभा राहतो, तो एक तर वेताळ, नाहीतर ट्रॅफिक हवालदार.

---

मृण्मयी_पार्कचौक (बुधवार, सकाळी 9.20)

काका, मी एकही अंक वाचलेला नाही. सिनेमा पाहिलाय, आणि मला आवडला. विमानातून घोड्यावर उडी काय, जंगलातला दोरांचा पूल काय, धमाल आहे. खलनायक तर इतकं चवीनं खातो प्रत्येक वाक्य! आधीचं काही डोक्यात नसेल तर तो सिनेमा चांगला चालतो. तुम्ही सिनेमा पाहत नव्हता, ताळा करत होता.

आणि एक विचारू का, राग मानू नका. चारशे वर्षं एक गोरा माणूस कवटीच्या सिंहासनावर बसून जंगलातल्या काळ्या लोकांचे तंटे सोडवतो, आणि ते त्याला देव मानतात. हे लहानपणी खटकलं नाही ते समजू शकते. आताही नाही खटकत? अंगठी खटकली, पण हे नाही?

---

बाळीवेसकर (बुधवार, सकाळी 9.50)

मृण्मयी, राग कसला. खटकतं. आता खटकतं. पण तुला एक सांगतो, हसू नकोस. मला तो गोरा वाटलाच नव्हता. तो जांभळा होता. हात, पाय, डोकं सगळं जांभळं, उरलेला चेहराही स्वस्त छपाईत कधी केशरी, कधी गुलाबी. आमच्या गल्लीत सगळ्यांची समजूत की वेताळ आपल्याकडचाच कुठला तरी. नाव वेताळ, राहतो डेंकालीत. डेंकाली म्हणजे कर्नाटकात कुठंतरी, इंडीच्या पुढं.

---

डेंकालीकर (बुधवार, दुपारी 1.15)

बाळीवेसकर, तुमच्या शेवटच्या प्रतिसादानं माझं काम सोपं केलंत.

डेंकाली हे नाव ली फॉकनं कधी लिहिलंच नाही. वर्तमानपत्रात रोज छापून यायची त्या मूळ चित्रपट्टीत तो देश 'बेंगाला'. आपल्याकडं ते नाव बंगालसारखं ऐकू येतं, म्हणून इंद्रजालनं 'डेंकाली' केलं. चाच्यांची टोळी मुळात 'सिंग'. भारतात हे आडनाव चाच्यांना कसं देणार? म्हणून 'सिंगा'. विसाव्या वेताळाला पाठीत सुरा खुपसणारा मूळ 'रामा सिंग', त्याचा इंद्रजालात झाला 'रामलू'. वर्तमानपत्रातल्या आडव्या पट्ट्या अंकाच्या उभ्या पानात बसवायला चौकटी कापल्या, हलवल्या. आणि सगळ्यात मोठा बदल तर नावाचाच. आपला वेताळ विक्रमाच्या पाठीवरचा, गावकुसाबाहेरचा. बंगालीत तर त्याला 'अरण्यदेव' म्हणतात, म्हणजे भुताचा थेट देव. तुम्ही ज्याला मूळ म्हणताय ते मूळ नाही. ते आधीच कुणीतरी आपल्या मापाला कापून शिवलेलं होतं. टाके फक्त तुमच्या म्हातारबाबांनीच घातले नव्हते.

आता सिनेमाकडं बघा. गोष्ट 1938 सालातली ठेवलीय. फॉकची पट्टी सुरू झाली 17 फेब्रुवारी 1936 ला. म्हणजे काळ मुळाला धरून आहे, आणि तुम्ही वाचलात तो चित्रकार साय बॅरीनं काढलेला, 1961 नंतरचा वेताळ, ज्यात डायना संयुक्त राष्ट्रांत नोकरी करते. सिनेमातली ती 'साला' नावाची वैमानिक तुम्हाला उपरी वाटली असेल. ती फॉकच्या अगदी सुरुवातीच्या कथांमधली आहे, तिथं विमानं घेऊन लूटमार करणाऱ्या बायकांची टोळीच आहे. सिंग टोळीही तिथलीच. पटकथाकारानं 1936 चे कागद चाळले होते. तुम्ही नव्हते चाळले.

आणि पट्टा! सिनेमातला क्विल आठवतो? वेताळाच्या बापाला मारून त्याचा पट्टा लुटून स्वतःच्या कमरेला बांधून मिरवणारा? आणि नवा वेताळ समोर आल्यावर त्याची जी तंतरते, "तुला तर मी मारलं होतं"? बापाचा खून आणि लुटलेला पट्टा ही गोष्ट इंद्रजालच्या पहिल्याच अंकाची. मार्च 1964, किंमत 60 पैसे. फक्त रामलूच्या जागी क्विल आला. तुमचं ते लाडकं गुपित, मेलेला माणूस परत उभा राहतो ते, सिनेमात चोख आहे. त्याबद्दल तुम्ही एक अक्षर लिहिलं नाहीत.

अंगठीबद्दल मात्र तुमच्याशी सहमत. कारण सांगतो. पटकथा जेफ्री बोमची. त्यानंच 1989 चा तिसरा इंडियाना जोन्स लिहिला. त्यामुळं इथंही एक जादूची वस्तू, तिच्यामागं धावणारा श्रीमंत दुष्ट, नकाशे, शेवटी वस्तू दुष्टावरच उलटते. वेताळाला त्यांनी दुसऱ्याचा सदरा घातला. आधी दिग्दर्शन जो दांतेकडं होतं आणि त्याला ते थट्टेच्या अंगानं करायचं होतं. तो बाजूला झाला, सायमन विन्सर आला आणि तीच पटकथा गंभीर चेहऱ्यानं चित्रित झाली. अर्धी गडबड तिथं आहे. 4.5 कोटी डॉलर घातले आणि अमेरिकेत 1.7 कोटींच्या आसपास परत आले. पुढचे भाग तिथंच मिटले.

बिली झेनला बोल लावू नका. तो या पट्टीचा खरा वेडा होता. वर्षभराहून जास्त व्यायाम करून त्यानं अंग कमावलं, कपड्यात नकली स्नायू भरायची वेळ येऊ दिली नाही.

---

होटगीरोड (बुधवार, दुपारी 1.40)

रामलू??? अहो आमच्या गल्लीत दोन रामलू होते. एक यंत्रमागावर, एक आईसफ्रूटची गाडी लावायचा. त्या आईसफ्रूटवाल्या रामलूकडं मी एक अख्खा उन्हाळा संशयानं बघत होतो, ते उगाच नव्हतं म्हणा की.

---

रंगारी_अशोकचौक (बुधवार, रात्री 9.30)

मी सहसा वाचून जातो, लिहीत नाही. पण जांभळ्याचं निघालं म्हणून.

आमचं घराणं पद्मशाली, तीन पिढ्या चादरी. माझं स्वतःचं काम सूत रंगवायचं. वेताळाचा जांभळा ही छापखान्याची करामत आहे हे कुणी सांगितलं नाही अजून. फॉकच्या मनात करडा रंग होता. दैनिक पट्टी काळी-पांढरी, तिथं रंगाचा प्रश्नच नव्हता. 1939 ला रविवारचं रंगीत पान सुरू झालं आणि तिथं तो जांभळा छापला गेला. तोच चिकटला. स्वीडनमध्ये तो निळा आहे. इटलीत, ब्राझीलमध्ये लाल. प्रत्येक देशाच्या पोराला आपलाच रंग खरा वाटतो. आमच्याकडं गिऱ्हाईक येतं, म्हणतं, "आमच्या आईच्या चादरीचा होता तसाच मरून पाहिजे." आईची चादर वीस वर्षं धुतलेली असते. तसा मरून कुठल्याच टाकीत तयार होत नाही, तो धुण्याच्या दगडावर होतो. नवा दाखवला की म्हणतं, हा तो नाही. बाळीवेसकर साहेब, तुम्ही ते गिऱ्हाईक आहात.

आता दुसरी बाजूही सांगतो, म्हणजे तुम्हाला एकट्याला बडवल्यासारखं नको. चादरीवर मोर काढायचा तर आधी कागदावर चित्र, मग ते चौकटीच्या कागदावर, एक घर म्हणजे एक धागा. मग त्यावरून पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोकं, त्या पट्ट्यांची माळ जकार्डवर, म्हणजे मागावरच्या नक्षीच्या यंत्रावर. या सगळ्यात मोराच्या मानेचं गोल वळण राहत नाही. मागावर वळण येत नाही, पायऱ्या येतात. बोट ठेवून बघा घरच्या चादरीवर. नवा डिझायनर असला की त्याला वाईट वाटतं, तो पायऱ्या कमी करायच्या नादात मान जाड करतो आणि मोराची कोंबडी होते. आमचे वडील म्हणायचे, पायऱ्या पडू दे, मान बारीक ठेव. लांबून बघणाऱ्याला मोर दिसला पाहिजे.

सिनेमात डोळ्याला बुबुळं आली ती पायरी. नटाला डोळे झाकून अभिनय कसा करायला लावणार? पण अंगठीतून किरण निघाला तिथं कोंबडी झाली. एवढंच म्हणायचं होतं.

---

खडूस_काकू (बुधवार, रात्री 10.10)

रंगारीभाऊ, तुम्ही रोज लिहीत चला.

माझं दुःख मराठीतलं आहे. भा. रा. भागवतांचा बनेश उर्फ फास्टर फेणे हा फुरसुंगीचा हाडकुळा शाळकरी पोरगा. 2017 च्या सिनेमात तो मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेला पुण्यात आलेला दाढी फुटलेला तरुण. अमेय वाघनं काम छान केलंय, दिलीप प्रभावळकर स्वतः भागवत म्हणून येतात तेव्हा माझे डोळे भरले, सगळं खरं. पण मोठ्या माणसानं गुन्हेगार पकडला तर त्यात काय मोठंसं? पोरानं पकडायचा असतो. सायकलवरून. घरी यायला उशीर झाला म्हणून बोलणी खाऊन.

बाकी, विषय वेताळाचा आहे, मी निघते. इथं पाणी आलंय, आमच्याकडं चार दिवसांनी येतं. वेताळाच्या गुहेसमोर बारमाही धबधबा आहे म्हणतात, त्याचा मला जास्त हेवा वाटतो.

---

मृण्मयी_पार्कचौक (गुरुवार, सकाळी 8.45)

काकू 😂

रंगारीकाका, तुमचं वाचून उठले आणि पांघरलेल्या चादरीवरच्या मोराला बोट लावून पाहिलं. खरंच पायऱ्या आहेत! इतकी वर्षं गोल समजत होते.

डेंकालीकर, याआधीही सिनेमे झालेत का?

---

डेंकालीकर (गुरुवार, सकाळी 10.30)

1943 ची पंधरा भागांची मालिका आहे, थिएटरात दर आठवड्याला एक भाग दाखवायचे तशातली. टॉम टायलर वेताळ. दिसायला तो थेट पट्टीतून उतरल्यासारखा, पण मुखवट्यामागचं त्याचं नाव पट्टीतल्यासारखं किट वॉकर नाही, जेफ्री प्रेस्कॉट. 2009 ला टीव्हीसाठी एक केली, तिच्यात आधुनिक बुलेटप्रूफ सूट चढवला. त्यामानानं 1996 चा सिनेमा म्हणजे भाविक माणसाचं काम आहे, बाळीवेसकरांनी ती 2009 ची पाहू नये. रक्तदाबाची गोळी असेल तर ती घेऊनही पाहू नये.

बुबुळांचं मूळही सांगून टाकतो. फॉकनं ती कल्पना ग्रीक पुतळ्यांवरून घेतली. दगडी पुतळ्यांना बुबुळं दिसत नाहीत, त्यामुळं ते माणसापलीकडचे वाटतात.

---

बाळीवेसकर (गुरुवार, रात्री 9.15)

सगळ्यांचं वाचलं. दीड दिवस उत्तर दिलं नाही कारण डेंकालीकरांनी पट्ट्याचं जे लिहिलं ते मला खरंच सुचलं नव्हतं. परत लावून पाहिलं, फक्त क्विलचे प्रसंग. बरोबर आहे. तो वेताळाकडं बघतो आणि त्याच्या चेहऱ्यावर जे येतं, ते पंचवीस पैशात आम्ही बघायचो तेच आहे. मी अंगठीच्या रागात ते पाहिलंच नाही. ही चूक माझी.

अंगठीवरून मात्र हटणार नाही. डेंकाली म्हणा, बेंगाला म्हणा, रामलू म्हणा, रंग लाल करा. नावं बदलली, रंग बदलला, तरी ठोसा माणसाचाच होता. रंगारीभाऊंच्या भाषेत मान बारीक होती. कोंबडी ती कोंबडीच.

मृण्मयी, तू जे विचारलंस त्याला मी थट्टेवारी नेलं. तसं करायला नको होतं. त्या अंकांत भांडार लोक कमरेला झाडपाला गुंडाळून तेच ते बोलायचे आणि त्यांच्यातल्या एकट्या गुरानचं नाव मला आठवतं. बाकीच्यांना नावंच नव्हती. हे तू विचारल्यावर लक्षात आलं, आधी नाही. आता वाचताना ते दिसत राहणार, त्याला इलाज नाही.

आता खरी गोष्ट.

बुबुळांवरून मी केवढा आकांत केला, वर आहेच. ती पांढरी फट फोटोत दाखवावी म्हणून आज माळ्यावरची ट्रंक काढली. वडिलांनी स्टेशनवरून आणलेले ते बिनटाक्यांचे घरचे अंक. सात निघाले. दोन वाळवीनं खाल्लेले, पाच चांगले. नॅप्थलीनचा वास, आणि एका अंकात 1986 च्या गड्ड्याच्या जत्रेतलं पाळण्याचं तिकीट.

पहिला उघडला. पहिल्या पानावर वेताळ घोड्यावर. डोळ्यांत बुबुळं.

निळ्या बॉलपेननं काढलेली. दोन्ही डोळ्यांत, बरोबर मधोमध, दाबून दाबून, इतकं की मागच्या पानावर दोन टिंबं उमटलीत. पुढची चौकट, तिथंही. मागची पानं पाहिली. पाचही अंकांत एकही वेताळ आंधळा सुटलेला नाही. लांबून येणारा नखाएवढा वेताळ आहे, त्यालाही दोन ठिपके.

मला वाटलं ताईचं काम. लगेच कुर्डुवाडीला फोन लावला, रागातच. म्हटलं, माझ्या अंकांची वाट लावलीस तू. ती आधी हसत सुटली. मग म्हणाली, "मी कशाला काढते? तूच काढलेत रे. पहिलीत होतास. 'त्याला दिसत नाही गं, तो पडेल घोड्यावरून' म्हणून भोकाड पसरलं होतंस. बाबांनी त्यांच्या खिशातलं पेन दिलं, तेव्हा गप झालास."

---

होटगीरोड (गुरुवार, रात्री 9.22)

बाळ्या बे.

---

रंगारी_अशोकचौक (गुरुवार, रात्री 9.40)

फोटो टाका साहेब. निळा कोणता आहे बघू.

---

बाळीवेसकर (गुरुवार, रात्री 9.55)

टाकतो. पोराला सांगितलंय मोबाईलवर काढायला. दुसऱ्या अंकात एके ठिकाणी डावं बुबुळ जरा तिरळं झालंय, तेवढं सांभाळून घ्या.